साडेचार टनांचा संसार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीने आणि दाजींनी लग्न चौतीस वर्षांपूर्वी करून पाहिले. पुढे ती दोघे मेलबर्नला स्थायिक झाली आणि तेथे त्यांनी आयते बांधलेले घर विकत घेतले. घर स्वतः बांधून पाहण्याची हौस मात्र साठीच्या उंबरठ्यावर फिटली, आणि तीही कोठे, तर एका मालवाहू ट्रकच्या पाठीवर!

ऑस्ट्रेलियात हे काही जगावेगळे खूळ नव्हे. हा देश विस्ताराने भारताच्या दुपटीहून मोठा, आणि वस्ती महाराष्ट्राच्या चौथाईहूनही कमी. बहुतेक माणसे समुद्राकाठच्या शहरांत राहतात. मधला सारा भाग लाल माती, वाळू आणि दगडगोटे. तो पाहावयाचा तर बिछाना, चूल आणि पाणी बरोबर घेऊनच निघावे लागते. लहान गाडीवर एवढे ओझे घातले की तिच्या स्प्रिंगा नि सांधे कुरकुरू लागतात. ट्रकचा जन्मच मुळी ओझे वाहण्यासाठी झालेला. म्हणून जाणती माणसे मालवाहू ट्रकच पसंत करतात. दाजींनी 2021 साली जुना मित्सुबिशी फुसो कँटर घेतला. इंजिनाची ओढ चारही चाकांना पोचते असा हा ट्रक. पाठीमागचा हौदा काढून टाकला, तेव्हा अंगणात उरले ते पुढचे केबिन आणि मागे नुसता लोखंडी सांगाडा. “आता यावर घर चढवायचं,” असे दाजी म्हणाले, तेव्हा ताई म्हणे नुसतीच हसली.

घर म्हणजे एक पेटी. ती सांगाड्यावर ठेवावी आणि बोल्ट आवळावेत, झाले काम, असे आपल्याला वाटते. परंतु खरी मेख येथेच आहे. ट्रकचा सांगाडा शिडीसारखा असतो: दोन लांब तुळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले की ही शिडी ओल्या धोतरासारखी पिळली जाते. ती पिळली जावी अशीच तिची रचना असते; त्यामुळेच चारही चाके जमिनीला धरून राहतात. उलट घराची पेटी असते ताठ. फायबर ग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये कडक फोम चिकटवून तिच्या भिंती करतात. त्या हलक्या असतात, ऊन आणि थंडी बाहेर ठेवतात, पण पीळ सोसत नाहीत. लवचिक सांगाड्यावर ताठ घर चारही कोपऱ्यांत आवळून टाकले, तर पाच-पन्नास खड्ड्यांत एक तरी कोपरा तडकणार.

यावरचा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. चार पायांचे टेबल उंचसखल फरशीवर डुगडुगते. तिवई कधी डुगडुगत नाही. दाजींनी पेटीखाली एक वेगळी चौकट केली आणि ती सांगाड्यावर तीनच ठिकाणी टेकवली: मागे दोन, आणि पुढे मध्यभागी एक, तोही बिजागरीसारखा फिरता. खाली ट्रक हवा तेवढा पिळवटो, वरच्या घराला त्याचा पत्ता नाही. मागच्या जोडचाकांऐवजी दोन्ही बाजूंना एकेक रुंद चाक बसवले. जोडचाकांच्या फटीत दगड अडकतात. शिवाय वाळूत पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीतून मागची एकेरी चाके बिनबोभाट जातात, जोडचाकांना स्वतःची वाट नव्याने पाडावी लागते. पाण्याची दोनशे लिटरची टाकी खाली, दोन्ही आसांच्या मध्ये बसवली आणि तिच्या आत आडवे पडदे घातले, म्हणजे वळणावर पाणी हेलकावे खाऊन गाडी कलंडू नये. छपरावर सौर पट्ट्या, बाकाखाली लिथियमच्या बॅटऱ्या, एक लहान फ्रीज, दोन शेगड्या आणि आडवा बिछाना. तीन वर्षांचे शनिवार-रविवार या कामी लागले.

आणि मग आला वजनाचा प्रश्न. तेथे मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेचार टनांपर्यंतचे वाहन चालवता येते. दाजींचा ट्रक मुळात सहा टनांचा; परंतु कागदोपत्री त्याची भरल्या गाडीची मर्यादा 4,495 किलोच नोंदवलेली होती, आणि दाजींनी ती मुद्दामच तशी ठेवली होती. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात तो आकडा घोळत असे. रिकामा ट्रकच पावणेतीन टनांचा. पाणी म्हणजे लिटरला एक किलो. दोन जादा चाके एकशे दहा किलो. ताईने आईचा लोखंडी खलबत्ता ठेवला की दाजी हळूच तो काढून घरात नेऊन ठेवत. एवढे करूनही 2024 च्या जानेवारीत सारे सामान भरून, दोघे आत बसून ट्रक वजनकाट्यावर चढवला, तेव्हा आकडा आला 4,940. मर्यादेपेक्षा तब्बल 445 किलो अधिक!

पुढचे तीन आठवडे त्या घरात जे चालले ते ताईने मला फोनवर सांगितले. लाकडी कपाटे जाऊन कापडी कप्पे आले. एक चाक कमी झाले. हत्यारांची पेटी निम्मी झाली. ओढूनताणून एकशे साठ किलो उतरले. मग दाजींची नजर पाण्याच्या टाकीवर गेली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2019 साली दाजींना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती. परंतु ज्या मुलखात दोन-दोनशे किलोमीटर फोन लागत नाही, तेथे गाडी चालवणारा एकटाच असून कसे भागेल? साडेचार टनांचा हट्ट त्यासाठी होता. ताईकडे साधाच परवाना. तिला ट्रक चालवता आला पाहिजे, एवढ्यासाठी दाजी खलबत्ते मोजत होते. हे त्यांनी तिला एकदाही सांगितले नव्हते. तिला ते कळले नव्हते असे मात्र नाही.

“पाणी कमी होणार नाही,” ताई म्हणाली. “ट्रक सहा टनांचा आहे ना? मग कागदावरची मर्यादा वाढवून घ्या. मोठा परवाना मी काढते.”

दाजी गप्प राहिले. सत्तावन्न वर्षांची, चष्मा लावणारी, आजन्म लहान मोटार चालवलेली बाई ट्रकची परीक्षा देणार! पण साडेचार ते आठ टनांच्या वाहनांचा वेगळा परवाना असतो आणि मोटारीचा जुना परवाना असलेल्या कोणालाही ती परीक्षा देता येते. ताईने शिकवणी लावली. पहिल्या खेपेस गाडी मागे घेताना ती नापास झाली, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. त्या सायंकाळी तिने केला शिरा, आणि दाजींनी केली ट्रकच्या कागदपत्रांची दुरुस्ती.

त्याच वर्षी जून महिन्यात, म्हणजे तेथल्या हिवाळ्यात, मीही त्यांच्याबरोबर निघालो. केबिनमध्ये तीन आसने, मधले माझे. ॲडलेडवरून उत्तरेला मारी नावाचे चिमुकले गाव लागते. तेथे एके काळी उंटवाल्यांची वस्ती होती. 1860 साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून जहाजाने उंट आणले गेले, आणि पुढे अनेक दशके अफगाण, बलुची आणि पंजाबी उंटवाल्यांनी या मुलखाचे सामान वाहिले. मारीहून बर्ड्सव्हिलपर्यंत 517 किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. उंटांनंतर तेथे आले ट्रक. टॉम क्रूझ नावाचा टपालवाला (सिनेनट नव्हे बरे!) 1936 पासून लेलँडच्या ट्रकमधून या वाटेने टपाल, पीठ आणि इंधन पोचवीत असे. वाळूच्या टेकडीवर तो चाकांखाली लोखंडी पत्रे अंथरी, ट्रक थोडा पुढे घेई, आणि मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे ठेवी. जॉन हेयर यांनी 1954 साली त्याच्यावर चित्रपट काढला आणि त्याला व्हेनिसच्या महोत्सवात मोठे पारितोषिक मिळाले.

आज तो रस्ता पुष्कळ सुधारला आहे. तरी वरची खडी पन्हळी पत्र्यासारखी वळ्यावळ्यांची, आणि पाऊस झाला की वाहतूक बंद. आम्ही चाकांतील हवा कमी केली, म्हणजे धक्के मऊ होतात. मागच्या खिडकीतून पाहिले तर सांगाडा डावी-उजवीकडे पिळत होता आणि वरचे घर स्वस्थ होते.

मुंगेरानी येथे मुक्काम झाला. सकाळी दाजींना गरगरू लागले, घाम सुटला. पुढे 313 किलोमीटर नुसता माळ. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र बरोबर होते. 1928 पासून या मुलखाची सेवा करणारे विमानी डॉक्टर त्यावर येऊ शकतात. ताईने दूरच्या डॉक्टरांना लक्षणे कळवली. छातीत दुखत नव्हते, हातात कळ नव्हती. पाणी पाजीत पुढे न्या, असे उत्तर आले. ताईने किल्ली घेतली. आदल्या दिवशी दाजींनी धूळ आणि थंडीपोटी पाणी जवळजवळ प्यायलेच नव्हते. टाकीतले पाणी, मीठ, साखर असा तो प्रवास झाला, आणि दुपारी बर्ड्सव्हिलच्या दवाखान्यातील परिचारिकेने तपासून सांगितले की हृदय ठीक आहे, अंगातले पाणी कमी झाले होते.

हे वाचून कोणा हौशी गृहस्थाने उद्याच जुना टेम्पो विकत घेऊ नये म्हणून सांगतो. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हेच पुन्हा स्पष्ट केले. ज्याला चाकांवरचे घर हवे, त्याने आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी आणि मगच सुताराची. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केलेले आहे. भाड्याच्या गाडीत चार रात्री काढून आपली पाठ काय म्हणते ते पाहणे सर्वांत शहाणपणाचे.

मेलबर्नला परतल्यावर दाजींनी विजेरी घेऊन घराचा प्रत्येक सांधा पाहिला. कोठेही चीर नव्हती. ओट्याजवळच्या फळीवर वजनांची यादी चिकटवलेली आहे. आता ती ताईच्या अक्षरात आहे. सर्वांत वर लिहिले आहे: पाणी, 200. आणि त्याच्याच खाली: खलबत्ता, 3.