मुदखेडची गाडी आणि विश्वाचा पहिला सेकंद

मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादची गाडी सुटते, तेव्हा फलाटावर उभ्या माणसाच्या तळपायांना बारीकशी थरथर जाणवते. गाडी गेली की तो ती विसरतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात मात्र अशी थरथर विसरून चालत नाही. तिथल्या लायगो वेधशाळेजवळून मालगाडी गेली, तरी तिचा हादरा नोंदींत उतरतो.

तशीच वेधशाळा मुदखेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझर आणि टोकांना टांगलेले आरसे, अशी तिची रचना. दूर कुठे दोन कृष्णविवरं आदळली, की त्यातून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी अवकाशच किंचित ताणतं, आकसतं. भुजांच्या लांबीत त्यामुळे पडणारा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत तो पहिल्यांदा मोजला गेला.

अशाच यंत्रातून एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळू शकतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेची गती तपासली. कडेचे तारे अपेक्षेपेक्षा फार वेगाने फिरत होते. दिसणाऱ्या वस्तुमानाला त्यांना धरून ठेवणं शक्यच नव्हतं. तिथे न दिसणारं काहीतरी असावं. तेच कृष्णद्रव्य, आणि विश्वात ते साध्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त आहे.

ते आलं कुठून? सर्वांत लाडकी कल्पना जड, अबोल कणांची. माळेगावच्या जत्रेत गर्दी असते तोवर ओळखीची माणसं पावलोपावली भेटतात. जत्रा पांगली की भेटी थांबतात. आरंभीच्या तप्त विश्वात हे कण असेच एकमेकांना भेटत आणि नष्ट होत. विश्व प्रसरण पावलं, भेटी थांबल्या आणि उरले ते कायमचे उरले. हिशेब इतका नीट जुळतो, की अनेकांनी त्यावर हयात घालवली. झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीतही साडेपाचशे मीटर खोलवर असा शोध चालतो. पण जगात कुठेही हा कण अजून निर्विवाद सापडलेला नाही.

म्हणून दुसऱ्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष गेलं. विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या आतच, जिथे घनता फार वाढली तिथे द्रव्य थेट कोसळून कृष्णविवरं झाली असतील का? स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये अशा आदिम विवरांचा विचार मांडला होता. सगळं कृष्णद्रव्य त्यांचंच असेल, असं मानायला आज फारसा आधार नाही. काही भाग असू शकतो. त्यांची खूण मात्र अगदी स्पष्ट आहे. तारा कोसळून झालेलं विवर सूर्यापेक्षा जडच असतं. सूर्याहून हलकं विवर सापडलं, तर ते ताऱ्यापासून झालेलं नाही.

दोन विवरं एकमेकांभोवती घिरट्या घालताना लहरींचा सूर चढत जातो आणि त्यावरून त्यांचं वजन काढता येतं. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना औंढ्याची जोड मिळाली, की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हेही अधिक अचूक कळेल.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. त्यामुळे असं नाजूक यंत्र इथे कसं टिकेल, हा प्रश्न रास्तच आहे. लायगोचा प्रत्येक मुख्य आरसा ४० किलोचा असतो आणि तो चार टप्प्यांच्या लंबकावर टांगतात. जमिनीची थरथर प्रत्येक टप्प्यावर आणखी कमी होत जाते आणि आरशापर्यंत तिचा जेमतेम अंश पोहोचतो. मोठा भूकंप आला, तर नोंदी काही काळ थांबतात, आरसे पुन्हा जागेवर आणले जातात आणि ऐकणं पुढे सुरू होतं.