लाल औषध आणि हृदयावरचा पहारा

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं. ते घेतल्यावर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे रक्त नाही, घाबरू नका, असं नर्स आधीच सांगून ठेवते. हा रंग मातीतल्या एका जिवाणूची देणगी आहे. १९५०च्या दशकात इटलीत कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत तो जिवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या औषधाला शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून एड्रियामायसिन हे नाव पडलं. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांचा कर्करोग अशा कितीतरी आजारांत त्यानं माणसं वाचवली आहेत.

पण याच औषधाची झळ हृदयालाही लागते. पेशीतल्या डीएनएचा गुंता सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला ते जखडून टाकतं. कर्करोगाची पेशी त्यानं मरते. पण त्याच विकराचा एक भाऊबंद हृदयाच्या पेशींतही असतो. शिवाय हृदयाचे स्नायू फार सावकाश नवे होतात. पंचविशीतल्या माणसाच्या हृदयातही वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी बदलतात. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४च्या खुणा पेशींमध्ये मोजून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे दाखवलं. म्हणून या औषधाचा हिशेब आयुष्यभराचा असतो: आजवर एकूण किती मिलिग्रॅम दिलं, हे फाइलमध्ये लिहून ठेवतात. एकूण मात्रा वाढत जाते, तसा धोकाही वाढतो.

हृदयावर नजर ठेवण्याचं मुख्य साधन म्हणजे टू-डी इको. जहाजाच्या गोदीत धातूतले दोष ध्वनिलहरींनी शोधत असत. तेच तंत्र १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी धडधडत्या हृदयावर वापरलं. आज केमो सुरू होण्याआधी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, छातीला गार जेल लावतात आणि फासळ्यांच्या मधून हृदय बघतात. डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा म्हणजे ईएफ. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो.

अडचण अशी, की काही पेशी गेल्या तरी उरलेल्या जास्त राबतात आणि ईएफ बराच काळ ठीकच दिसतो. इथे एक विलक्षण युक्ती कामी येते. इकोच्या चित्रात हृदयाचा स्नायू रवाळ दिसतो, रवा पसरल्यासारखा. प्रत्येक ठिकाणच्या कणांची ठेवण वेगळी असते. संगणक त्या ठेवणीवरून स्नायूचा एकेक तुकडा ओळखतो, ठोक्याबरोबर त्याचा पाठलाग करतो आणि स्नायू लांबीत किती आखडला ते मोजतो. याला स्ट्रेन म्हणतात. निरोगी हृदय सुमारे वीस टक्के आखडतं. हा आकडा रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त घसरला, तर ईएफ शाबूत असतानाच डॉक्टर सावध होतात. जोडीला रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. स्नायूच्या पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं.

ही घाई कशासाठी, याचं उत्तर मिलानच्या डॉक्टरांनी २०१० साली दिलं. डॉक्सोरुबिसिनच्या गटातल्या औषधांनी हृदय दुबळं झालेल्या २०१ रुग्णांवर त्यांनी हृदयाचे उपचार केले. केमो संपल्यावर दोन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा ईएफ पूर्ववत झाला. सहा महिन्यांनंतर सुरुवात झालेल्यांत एकाचाही पूर्ण सावरला नाही. औषधं त्याच जातीची, फरक फक्त वेळेचा!

म्हणून केमोआधीचा इको टाळू नये आणि पुढचे इको शक्यतो त्याच यंत्रावर करावेत. धाप लागली, पायांना सूज आली, तर ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नये. हृदयावरचा परिणाम कधी कधी कित्येक वर्षांनी दिसतो. त्यामुळे कर्करोगातून पूर्ण बरं झालेल्या माणसानंही पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर आपण लाल औषध घेतलं होतं आणि एकूण किती, हे आवर्जून सांगावं.