एक घर, मूड चार!

फ्लॅटचं पझेशन मिळालं आणि आमची भांडणं सुरू झाली. मला घर रंगीबेरंगी, गजबजलेलं हवं. नवऱ्याला पांढरंशुभ्र, एकदम शांत. शेवटी तडजोड म्हणून अख्खा टू-बीएचके क्रीम कलरचा करायचं ठरलं. म्हणजे दोघांच्याही मनाविरुद्ध!

आर्किटेक्ट मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "रंगाचं सोडा. दिवसातल्या कुठल्या वेळी, कुठे, कसं वाटायला हवं, ते आधी लिहून काढा," ती म्हणाली.

तिचा फंडा तसा जुनाच. आपल्या वाड्यांत ओसरी गप्पांची, चौक लख्ख उजेडाचा आणि माजघर अंधारं, थंडगार. मेक्सिको सिटीत लुईस बारागान या आर्किटेक्टने १९४८ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या घरातही अरुंद, मंद उजेडाच्या प्रवेशातून तुम्ही गुलाबी भिंतीच्या हॉलमध्ये येता आणि पुढे उंच छताची बैठक उघडते. २००४ पासून ते घर जागतिक वारसा यादीत आहे.

आमच्याकडे पॅसेज गडद निळा झाला, दिवा एकच. तिथून बाहेर पाऊल टाकलं की आमचा छोटासा हॉलही मोठा वाटतो! हॉल माझा: हळदी भिंत, इरकली उशा, गाणी. बेडरूम त्याची: पांढऱ्या भिंती, जाड पडदे, २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा, टीव्हीला बंदी. तिसरी खोली कामाची: खिडकीशी टेबल, ४००० केल्व्हिनचा पांढरा उजेड. लॅपटॉपने तिचा उंबरा ओलांडायचा नाही. फरशी आणि दारं मात्र सगळीकडे सारखीच ठेवली, नाहीतर घराचं प्रदर्शन होतं.

मध्यंतरी माझं प्रमोशन हुकलं. घरी आले, पण माझ्या लाडक्या हॉलमध्ये एक मिनिटही बसवेना. तडक त्या पांढऱ्या खोलीत गेले, दिवा मंद केला आणि पडून राहिले. त्याने काहीच विचारलं नाही. तासाभराने बाहेर डोकावले, तर स्वारी हॉलमध्ये माझी गाणी लावून चहा ढवळत बसलेली! क्रीम कलरच्या घरात मी रडायला कुठे गेले असते?

ते क्रीम कलरचं शेडकार्ड अजून जपून ठेवलंय. भांडण फारच ताणलं, की कुणीतरी एक जण ते गुपचूप टेबलावर आणून ठेवतो!