डोके दुखते, पण कसे?

सांगली जिल्ह्यातील कुंडल कुस्तीशौकिनांचे गाव. विद्यार्थी मित्रांनो, तेथले मैदान दिवसभर उन्हात उभे राहून पाहिलेत, तर डोके ठणकू लागेल. सावलीत बसून पाणी प्यायलात, की बहुधा उतरेलही. पण प्रत्येक डोकेदुखी इतकी साधी नसते.

गंमत अशी, की मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही! दुखतात ती त्याची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोक्यामानेचे स्नायू. म्हणूनच अनुभवी परिचारिका कोठे, कसे, केव्हापासून दुखते हे खोदून विचारते.

पट्टा आवळल्यासारखे दोन्हीकडे मंद दुखत असेल, तर ते बहुधा ताणाचे. ठणका, मळमळ, उजेड नकोसा होणे, हालचालीने दुखणे वाढणे, ही अर्धशिशी. आजीचा हा शब्द किती नेमका! ‘मायग्रेन’चे मूळही ‘अर्धी कवटी’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. मात्र नावावर फार विसंबू नका. पुष्कळांची अर्धशिशी दोन्हीकडे दुखते. अर्धशिशीचा रोगी अंधारात निपचित पडतो. उलट एका डोळ्यामागे असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी आणि रोगी येरझारा घालतो आहे, तर ती ‘क्लस्टर’ डोकेदुखी असू शकते.

आता सुंठीच्या लेपाविषयी. डोके आपटल्यानंतर दुखणे वाढत जाऊन उलट्या होत असतील, तापात मान ताठली असेल, बोलणे अडखळत असेल किंवा क्षणात भयंकर कळ उठली असेल, तर लेप वाळेपर्यंतही थांबू नका. रुग्णाला तडक इस्पितळात न्या.