गोचीड तापावर बुपार्वाक्वोन प्रभावी. मात्र वेळेवर निदान निर्णायक

नेहरू नगर (भिलाई) : उष्ण व दमट हवामानात गोचिडांची पैदास वाढते आणि त्यांच्यामार्फत थायलेरियोसिस, अर्थात गोचीड ताप, गोठ्यात शिरतो. देशी गोवंशाच्या तुलनेत होल्स्टीन व जर्सी संकरित गाई या आजाराला अधिक बळी पडतात.

‘थायलेरिया अॅन्युलाटा’ हा एकपेशीय परजीवी प्रथम जनावराच्या पांढऱ्या पेशींत वाढतो व नंतर तांबड्या पेशींत शिरतो. तीव्र ताप, लसिका ग्रंथींना सूज, दूध घटणे आणि रक्तक्षय ही प्रमुख लक्षणे होत.

१९८० च्या दशकात विकसित झालेले बुपार्वाक्वोन परजीवीची ऊर्जानिर्मिती रोखते. वजनाच्या प्रतिकिलो २.५ मिलिग्रॅम, म्हणजेच ४०० किलोच्या गाईस १ ग्रॅम, अशी मात्रा मानेच्या स्नायूत टोचली जाते. गरज भासल्यास पशुवैद्यक ४८ तासांनंतर ती पुन्हा देतात. मात्र हे औषध गमावलेले रक्त भरून काढत नाही. त्यामुळे ताप दिसताच रक्ततपासणी आवश्यक ठरते. नेहरू नगर परिसरातील पशुपालकांना त्यासाठी दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही आधार घेता येतो.

ट्युनिशिया व इराणमध्ये या औषधाला दाद न देणारे परजीवी आढळले आहेत. त्यामुळे अपुरी मात्रा किंवा सल्ल्याविना वापर धोक्याचा ठरतो. संकरित वासरांचे लसीकरण आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवून केलेले गोचीड नियंत्रण हाच टिकाऊ उपाय होय.