केमो चालू आहे आणि ताप आलाय? सकाळची वाट पाहू नका

शिरूर-दौंडच्या वस्त्यांत आम्ही जातो तेव्हा कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांच्या आया विचारतात, ‘ताई, औषधं दवाखान्यात देतात, मग घरी आम्ही काय करायचं?’ घरी करायचं काम मोठं आहे. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा. पूर्ण उपचार मिळाले तर त्यातली बरीच मुलं बरी होतात. पण उपचार चालू असताना जंतुसंसर्गानं मूल दगावू शकतं.

केमोची औषधं कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतात. जंतूंशी लढतात त्या याच पेशी. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत त्या सगळ्यात कमी होतात. यालाच दवाखान्यात ‘काउंट कमी झाले’ म्हणतात. या दिवसांत मुलाच्याच तोंडातले, आतड्यातले, कातडीवरचे जंतूही रक्तात शिरू शकतात.

ताप आला तर

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला, की लगेच दवाखान्याला फोन करा आणि निघा. रात्रीचे 2 वाजले असले तरी. थंडी वाजून मूल कुडकुडत असेल, मलूल पडलं असेल, धाप लागली असेल, तर ताप नसला तरी निघा. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, पण जंतू वाढतच राहतात. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेवर सुई घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. शौचाच्या जागेतून थर्मामीटर किंवा औषध घालू नका.

दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य सांगा : ‘मुलाची केमो चालू आहे आणि ताप आहे.’ पोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रांगेत बसून राहू नका.

शिरूरहून पुणे 65-70 किलोमीटर. रेल्वे नाही, नगर रस्ता आणि वाघोलीची कोंडी आहे. दौंडहून रेल्वे आहे, पण मध्यरात्री हवी तेव्हा गाडी मिळेलच असं नाही. म्हणून वस्तीत कोणाची गाडी, कोण चालवणार, हे आजच ठरवा. 108 नंबर सगळ्यांना माहीत हवा. उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असतील, तर घरी परतण्याआधी विचारा : ताप आला तर आम्ही जवळ कुठे जायचं? ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ती चिठ्ठी, रेशनकार्ड, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद आणि केमोची फाइल एकाच पिशवीत ठेवा.

रोजची काळजी

मुलाला हात लावण्याआधी, स्वयंपाकाआधी, शौचानंतर साबणानं 20 सेकंद हात धुवा. नळाला एक दिवसाआड पाणी येत असलं, तर ड्रमला झाकण ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. प्यायचं पाणी उकळून गार करून द्या. जेवण ताजं आणि गरम द्या. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची मटकी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी सध्या बंद. केळं, संत्रं अशी सालीची फळं धुऊन, सोलून द्या. दूध उकळूनच.

दात मऊ ब्रशनं घासा आणि खाल्ल्यावर चूळ भरायला लावा. तोंड आलं तर दवाखान्यात सांगा. छातीत किंवा हातात नळी बसवली असेल तर ती भिजू देऊ नका. जखमेला राख किंवा शेण लावू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस दिलेली कोट्रायमॉक्साझोलची गोळी चुकवू नका. ती एका प्रकारच्या न्यूमोनियापासून वाचवते. कोंबड्या, शेळ्या, शेणाची जागा, बांधकामाची धूळ यांपासून मूल लांब ठेवा.

गर्दी आणि लस

1 जानेवारीची जयस्तंभाची गर्दी असो की 14 एप्रिलची मिरवणूक, काउंट कमी असताना मुलाला नेऊ नका. पुढच्या वर्षी नेऊ. घरात कोणाला गोवर, कांजिण्या झाल्या, किंवा मूल अशा रुग्णाजवळ गेलं, तर पुरळ उठायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. केमो चालू असलेल्या मुलाला कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही लस देऊ नका. भावंडांची गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नका. त्यांना पोलिओचा तोंडावाटे डोस द्यायच्या आधी आशाताईंना घरच्या आजाराबद्दल सांगा. त्याऐवजी इंजेक्शनची लस मिळू शकते.

विटाळ नको

कॅन्सर एकापासून दुसऱ्याला होत नाही. आपल्यापासून मुलाला जंतू लागू नयेत, एवढ्यासाठीच अंतर ठेवायचं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं भेटायला जाऊ नये, बाकीच्यांनी हात धुऊन जावं, बोलावं, हसवावं. मुलाचं ताट वेगळं ठेवलं तर ते स्वच्छतेसाठी. त्या घराशी बोलणं बंद केलं, तर तो विटाळ झाला. विटाळ काय असतो हे आपल्या लोकांना शिकवायला नको.

विहार समिती आणि महिला मंडळानं एवढं करावं : वस्तीत असं मूल असेल तर थर्मामीटर आणि साबण त्या घरी पोचवा. रात्री गाडी काढणाऱ्या तिघांचे फोन नंबर लिहून त्या घराच्या दाराआड चिकटवा. येत्या रविवारच्या वंदनेनंतर हे काम करता येईल.