कमी सामने, अधिक दमछाक : छोट्या हंगामाचे गणित आणि वयस्कर संघ

बास्केटबॉलचा हंगाम काही कारणाने लहान झाला, की पहिला अंदाज ठरलेला असतो : सामने कमी म्हणजे धावपळ कमी, आणि धावपळ कमी म्हणजे वय झालेल्या खेळाडूंचा फायदा. वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. मात्र अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, अर्थात एनबीएच्या इतिहासातील छोटे हंगाम तपासले, तर हा अंदाज अर्धाच खरा ठरतो. वयस्कर संघाचे भवितव्य एकूण किती सामने खेळायचे यापेक्षा दोन सामन्यांच्या मध्ये किती रात्री मिळतात, यावर अधिक अवलंबून असल्याचे या हंगामांनी दाखवून दिले आहे.

यातील सर्वांत बोलके उदाहरण २०११-१२ च्या हंगामाचे आहे. उत्पन्नाच्या वाटपावरून संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात तोडगा न निघाल्याने १ जुलै २०११ रोजी मालकांनी टाळेबंदी पुकारली. ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. अखेर नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला हंगाम सुरू झाला आणि २६ एप्रिल २०१२ रोजी साखळी सामने संपले. प्रत्येक संघाच्या वाट्याला नेहमीच्या ८२ ऐवजी ६६ सामने आले.

सामने घटले, दिवस त्याहून घटले

आदल्या वर्षी, म्हणजे २०१०-११ मध्ये, ८२ सामन्यांसाठी १७० दिवस उपलब्ध होते. टाळेबंदीनंतरच्या हंगामात ६६ सामन्यांसाठी केवळ १२४ दिवस उरले. सामन्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली, तर दिवसांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी. परिणामी आठवड्याला सरासरी ३.४ सामन्यांऐवजी ३.७ सामने खेळावे लागले. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु प्रत्यक्षात महिन्याला एक-दोन सामने वाढले आणि तेवढेच विश्रांतीचे दिवस बुडाले. प्रत्येक संघाला हंगामात किमान एकदा सलग तीन रात्री तीन सामने खेळावे लागले. त्यातच अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विमानप्रवास, मध्यरात्रीनंतर हॉटेलात पोहोचणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणे हे चक्र अधिक वेगाने फिरू लागले.

तयारीलाही वेळ नव्हता. सराव शिबिरे ९ डिसेंबरला उघडली आणि सोळा दिवसांनी हंगाम सुरू झाला. प्रत्येक संघाला अवघे दोन सराव सामने मिळाले. टाळेबंदीच्या काळात खेळाडूंना संघाच्या सुविधा वापरण्यास आणि संघाच्या प्रशिक्षकांशी संपर्क ठेवण्यास मनाई असल्याने बहुतेकांनी आपापल्या परीने शरीर राखले होते.

याचा परिणाम सर्वांच्याच खेळावर दिसला. २०१०-११ मध्ये एका संघाची सामन्यामागे सरासरी ९९.६ गुणांची होती, ती ९६.३ पर्यंत उतरली. थकलेल्या पायांचा पहिला फटका नेमबाजीला बसतो, कारण लांबून मारलेल्या चेंडूला लागणारा जोर हातापेक्षा पायांतून अधिक येतो.

वयाचा संबंध कोठे येतो

बास्केटबॉलमध्ये उडी मारणे, त्याहून अधिक म्हणजे उडीनंतर जमिनीवर उतरणे आणि वेगात असताना एकाएकी थांबणे, यांमुळे मांड्या, पोटऱ्या आणि गुडघ्यांवर मोठा ताण येतो. या ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून निघण्यास दोन ते तीन दिवस लागू शकतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांची लवचिकताही कमी होते. त्यामुळे पस्तिशीतील अनुभवी खेळाडू एका रात्रीपुरता पंचविशीतील खेळाडूच्या तोडीस तोड खेळू शकतो. तफावत उघड होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री. नेहमीच्या हंगामात एखादा मोकळा दिवस ही तफावत झाकतो. छोट्या हंगामात नेमका तोच दिवस हिरावला जातो.

अर्थात दाट वेळापत्रक केवळ वयस्करांनाच मोडते, असे नाही. शिकागो बुल्सचा डेरिक रोझ २३ वर्षांचा होता, तेव्हा २८ एप्रिल २०१२ रोजी प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. त्यामागे वेळापत्रकच होते, असे कोणत्याही एका दुखापतीबाबत ठामपणे सांगता येत नाही. मात्र तरुण खेळाडूपुढे परतण्यासाठी वर्षे असतात. कारकिर्दीच्या उतारावरील खेळाडूकडे ती नसतात.

बोस्टनची अखेरची संधी

या हंगामाची सर्वाधिक झळ बोस्टन सेल्टिक्सला बसेल, असे सुरुवातीला मानले जात होते. २००८ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे त्रिकूट अद्याप संघात होते. परंतु हंगाम सुरू झाला तेव्हा रे ॲलन ३६, केविन गार्नेट ३५ आणि पॉल पिअर्स ३४ वर्षांचा होता. टाचेच्या दुखापतीमुळे पिअर्स पहिले तीन सामने खेळू शकला नाही आणि ते तिन्ही सामने बोस्टनने गमावले. फेब्रुवारीअखेर ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत संघाच्या खात्यावर १५ विजय आणि १७ पराभव होते. जेफ ग्रीनला हृदयाजवळील महाधमनीच्या शस्त्रक्रियेमुळे संपूर्ण हंगामास मुकावे लागल्याने राखीव फळीही तोकडी पडली होती.

त्यानंतरचे चित्र मात्र वेगळे होते. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी गार्नेटला मध्यवर्ती बचावपटूच्या, म्हणजे सेंटरच्या जागी खेळवले. ॲलनचा घोटा दुखावल्यावर २१ वर्षांच्या एव्हरी ब्रॅडलीला सुरुवातीच्या पाच जणांत स्थान मिळाले आणि संघाच्या बचावाला तरुण पाय लाभले. उर्वरित ३४ सामन्यांपैकी २४ जिंकून बोस्टनने ३९-२७ अशी कामगिरी नोंदवली आणि आपल्या उपगटात अव्वल स्थान पटकावले.

प्ले-ऑफमध्ये बोस्टनने अटलांटाला सहा, तर फिलाडेल्फियाला सात सामन्यांत हरवले. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत मायामी हीटविरुद्ध ३-२ अशी आघाडीही घेतली. पण तोपर्यंत खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे ब्रॅडली बाहेर पडला होता आणि घोट्याचे दुखणे घेऊन ॲलनला खेळावे लागत होते. सहाव्या सामन्यात २७ वर्षांच्या लेब्रॉन जेम्सने ४५ गुण नोंदवले. सातव्या सामन्यात तीन सत्रांनंतर ७३-७३ अशी बरोबरी होती. अखेरच्या सत्रात मायामीने २८ आणि बोस्टनने १५ गुण केले. प्ले-ऑफमधील बोस्टनचा तो विसावा सामना होता. हंगामानंतर ॲलनच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो मायामीकडे गेला. पुढच्या वर्षी गार्नेट आणि पिअर्स ब्रुकलिनकडे गेले. या त्रिकुटाची दुसऱ्या विजेतेपदाची आशा त्या अखेरच्या सत्रातच संपली.

हरण्याची तयारी ठेवणारा प्रशिक्षक

त्याच हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सने वेगळा मार्ग निवडला. टिम डंकन ३५ वर्षांचा, मनू जिनोबिली ३४ वर्षांचा. जिनोबिलीचा हात जानेवारीच्या सुरुवातीलाच मोडला आणि तो ६६ पैकी केवळ ३४ सामने खेळू शकला. तरीही स्पर्सने ५० सामने जिंकले आणि केवळ १६ गमावले. शिकागोसह ही लीगमधील सर्वोत्तम कामगिरी होती.

यामागील सूत्र साधे. पण अमलात आणण्यास अवघड होते. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी डंकनला सामन्यामागे सरासरी २८ मिनिटेच खेळवले आणि ठरावीक रात्री पूर्ण विश्रांती दिली. फेब्रुवारीत सलग ११ विजयांनंतर पोर्टलँडविरुद्ध त्यांनी डंकन आणि टोनी पार्कर यांना बाहेर ठेवले. संघ ९७-१३७ असा हरला. मार्चमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध सलग तिसऱ्या रात्री सामना होता. त्या दिवशीच्या अधिकृत गुणपत्रकात डंकनच्या नावापुढे न खेळण्याचे कारण ‘वृद्ध’ असे नोंदवले गेले. त्या विनोदामागे गंभीर धोरण होते : विश्रांती ही दुखापतीनंतरची शिक्षा नसून दुखापतीपूर्वीची गुंतवणूक आहे.

हे धोरण राखीव खेळाडूंच्या बळावरच चालते. डॅनी ग्रीन, कवाय लेनर्ड, गॅरी नील अशा खेळाडूंना साखळीत भरपूर वेळ मिळाल्याने प्रमुखांच्या गैरहजेरीत संघ कोलमडला नाही. साखळीतील अखेरचे दहा आणि प्ले-ऑफमधील पहिले दहा असे सलग वीस सामने स्पर्सने जिंकले. मात्र पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत २-० अशा आघाडीनंतर ओक्लाहोमा सिटी थंडरने त्यांना सलग चार सामन्यांत हरवले. थंडरचे केविन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक तेव्हा २३ वर्षांचे होते. विश्रांती वयस्कर संघाला अखेरच्या टप्प्यापर्यंत ताजेतवाने पोहोचवू शकते. समोरच्याचे तारुण्य ती हिरावून घेऊ शकत नाही, हेही यातून स्पष्ट झाले.

तिसरे उदाहरण गतविजेत्या डॅलस मॅव्हरिक्सचे. टायसन चँडलरसारखा बचावाचा कणा संघ सोडून गेला होता. ३३ वर्षांचा डर्क नोवित्झ्की हंगामाच्या सुरुवातीला पुरेसा तंदुरुस्त नव्हता. जानेवारीत त्याला चार सामने बाहेर ठेवून शरीर पूर्ववत करावे लागले. ३८ वर्षांच्या जेसन किडलाही दुखापतींनी गाठले. डॅलसने ३६ सामने जिंकले. पण प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत थंडरने त्यांना ४-० असे नमवले. लांबलेली सुटी म्हणजे विश्रांती नव्हे, हा धडा या संघाने दिला. वय झालेले शरीर बंद पडले, की पुन्हा सुरू होण्यास अधिक वेळ घेते आणि छोट्या हंगामात तो वेळ थेट गुणतक्त्यातून वजा होतो.

१९९९ आणि २०२१ चे दाखले

याआधी १९९८-९९ मध्येही टाळेबंदीमुळे हंगाम ५० सामन्यांचा झाला होता. ते सामने ९० दिवसांत उरकण्यात आले. म्हणजे आठवड्याला सरासरी ३.९ सामने. युटा जॅझच्या ३५ वर्षांच्या कार्ल मलोनने त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि ३७ व्या वर्षाकडे झुकलेल्या जॉन स्टॉकटनसह संघाला ३७ विजय मिळवून दिले. तरीही प्ले-ऑफच्या दुसऱ्या फेरीत पोर्टलँडने त्यांना रोखले. न्यूयॉर्क निक्सने आठव्या मानांकनावरून अंतिम फेरी गाठली; परंतु ३६ वर्षांच्या पॅट्रिक युइंगच्या टाचेची कंडरा दुखावल्याने तो अंतिम फेरीत उतरू शकला नाही. विजेतेपद मिळाले ते ३३ वर्षांचा डेव्हिड रॉबिन्सन आणि २३ वर्षांचा डंकन यांची सांगड घालणाऱ्या स्पर्सला. अनुभवाला तरुण खांद्याची जोड मिळाली, की दाट वेळापत्रकही झेलता येते.

कोरोना साथीनंतरचा २०२०-२१ चा हंगाम ७२ सामन्यांचा होता. तेथे सामन्यांची दाटी जवळजवळ नेहमीइतकीच होती. कमी पडली ती हंगामापूर्वीची विश्रांती. लॉस एंजेलिस लेकर्सने ११ ऑक्टोबर २०२० रोजी विजेतेपद जिंकले आणि २२ डिसेंबरला, ७२ दिवसांनी, त्यांचा पुढचा हंगाम सुरू झाला. ३६ वर्षांच्या लेब्रॉनचा घोटा मार्चमध्ये दुखावला, तो ४५ सामनेच खेळू शकला आणि पहिल्याच फेरीत फिनिक्सने लेकर्सला हरवले. आदल्या वर्षीचा उपविजेता मायामी संघही पहिल्या फेरीतच गारद झाला. याउलट फिनिक्सचा ख्रिस पॉलही ३६ वर्षांचा होता. पण त्याच्या संघातील बहुतांश खेळाडूंचा आदला हंगाम ऑगस्टच्या मध्यासच संपला होता. फिनिक्सने अंतिम फेरी गाठली.

प्रेक्षकांचा प्रश्न कायम

खेळाडूला विश्रांती देण्याची किंमत कोणीतरी मोजतच असते. वर्षातून एकदाच आपल्या शहरात येणारा संघ पाहण्यासाठी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला आवडता खेळाडू बाकावरही दिसत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोपोविच यांनी मायामीविरुद्धच्या सामन्यापूर्वी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना थेट घरी पाठवले, तेव्हा एनबीएने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. मात्र २०१७-१८ पासून हंगाम सुमारे आठवडाभर लवकर सुरू करून पाच रात्रींत चार सामने खेळण्याची वेळ येणार नाही, अशी व्यवस्था एनबीएनेच केली. २०२३ मध्ये प्रमुख खेळाडूंच्या विश्रांतीवर निर्बंध आले आणि महत्त्वाच्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट लागू झाली. त्याच वेळी हंगामारंभी ३५ वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूंना सलग दोन दिवसांच्या सामन्यांपैकी एकातून सूट मिळण्याची तरतूदही ठेवण्यात आली. वयाचा हिशेब आता नियमावलीतही आला आहे.

स्पर्सने आपले धोरण सोडले नाही. २०१४ मध्ये ८२ सामन्यांच्या पूर्ण हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूने सामन्यामागे सरासरी ३० मिनिटे खेळ केला नाही आणि ३८ वर्षांच्या डंकनसह संघ विजेता ठरला.

म्हणूनच हंगाम लहान होणार असे कळले, की वयस्कर संघाबाबत तीन गोष्टी पाहणे इष्ट ठरते : सामन्यांच्या तुलनेत दिवस किती उरले आहेत, हंगामापूर्वी शरीराला विश्रांती आणि तयारी या दोन्हींसाठी वेळ मिळाला आहे काय, आणि काही सामने गमावण्याची तयारी ठेवून राखीव खेळाडूंवर विसंबणारा प्रशिक्षक संघाकडे आहे काय. या तिन्हींची उत्तरे अनुकूल नसतील, तर कमी झालेले सामने वयस्कर संघाच्या फारसे कामी येत नाहीत.